गुहेतलं माप

“ओ दादा, जरा त्या खांबाला टेकून उभे राहता का?”

पाणी प्यायला गुहेत वाकून शिरलेला तरुण दचकला. मग हसला. “राहतो. फक्त दादा म्हणू नका… रोशन.”

रूथ ओठांतल्या ओठांत हसली. नवापूरच्या डोंगरातल्या या गुहेत लाव्हा थंड होताना निसर्गानेच घडवलेले सहा बाजूंचे काळे खांब होते. तिची टेप वरपर्यंत पोहोचत नव्हती. अशा वेळी शेजारी माणूस उभा करून फोटो काढायचा, त्याच्या उंचीवरून खडक मोजायचा, ही भूशास्त्राची रीत.

“उंची किती तुमची?”

“पाच फूट… नऊ.”

मग दुपारभर ती म्हणेल तिथे तो उभा राहिला. आतल्या मातीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्यारं म्हणून काढलेल्या गारगोटीच्या कपच्या होत्या. तिने एक त्याच्या तळहातावर ठेवली. “धार बघा.”

“एवढी हत्यारं? म्हणजे त्या काळच्या माणसाला कामाला लावणारी कुणीतरी होती.”

“किंवा तीच हत्यारं करायची… आणि तो नुसता गप्पा मारायचा!”

कपची होती तिथे परत ठेवताना बोटांना बोटं लागली. दोघंही उगाच छताकडे पाहू लागले.

संध्याकाळी खाली सडकेवर जीपची वाट पाहताना ती म्हणाली, “आज अहवाल सरांना पाठवते. माझ्या नावाचा पहिलाच.”

रोशनचा चेहरा पडला. “थांबा… मी पाच फूट सहा आहे.”

“काय?”

“तुम्ही एवढ्या उंच… कमी सांगवेना.”

“पण डोंगर उतरताना शेजारी चालून मला कळलं कसं नाही?”

“उतारावर मी वरच्या अंगाने चालत होतो.”

रूथ रागावायला गेली आणि खळखळून हसली. मोजायला शिकलेली ती. पण तिने त्याच्या उंचीकडे पाहिलंच नव्हतं. पाहत होती ती त्याचे डोळे…

“उद्या पुन्हा यावं लागेल,” ती म्हणाली.

“उद्या माझी सुरतची गाडी. नाताळची सुट्टी संपली.” तो घुटमळला. “नुसता आकडा बदलून नाही चालणार?”

वळणावर जीपचा हॉर्न वाजला. खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते जमेना.

“चालेल,” रूथ म्हणाली. “तरी… या.”

रोशन सपाट सडकेवर तिच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला, टाचा न उचलता.

“गाडी परवाही असते,” तो म्हणाला.