कोळीनाशक

औषध आणायला गेले होते, एवढंच. पिंपळगावला, द्राक्षबागाईतदार जिथून फवारणीचं सामान नेतात त्या दुकानात. देवळाली कॅम्पात आमच्या घरामागच्या बागेत कोळी फार माजले होते. दुकानदाराला म्हटलं, "कोळ्याचं औषध द्या. चांगलं जहाल." त्यानं बाटली पुढे ठेवली. वर ठळक अक्षरांत छापलेलं: कोळीनाशक. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाग माझी नव्हे. मोहिनीची. मोहिनी म्हणजे आमच्या यांची पहिली बायको. मी लग्न होऊन आले तेव्हा ती जाऊन वर्ष झालं होतं. पण गुलाब तिच्या हातचे, जाई तिच्या हातची, खिडक्यांच्या झालरी तिनं क्रोशानं विणलेल्या, आणि माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तिच्याच नावाचा टाक, चांदीचा छोटा पत्रा. बिजवराच्या बायकोनं तो घालायचा असतो, मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. जन्मभर उतरवायचा नसतो. मी घातला. भाद्रपदात दरवर्षी अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, हिरव्या बांगड्या भरल्या. का, तर ती नवऱ्याच्या आधी गेली! म्हणजे कायमची सवाष्ण. राबायचं मी आणि मान तिचा.

असू दे, म्हटलं. नवरा तर माझा आहे.

यंदा पावसाळा सरता सरता तेही राहीना. यांचं वय झालंय, विसरायला लागलेत. रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन गुलाबासमोर बसायचे. तिथे एक मोठी कोळीण होती, अंगावर पिवळे-काळे पट्टे, आणि जाळ्याच्या मधोमध पांढरी जाड नागमोडी वीण. पलीकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. ते जाळं थरथरत नव्हतं.

"काय बघताय एवढं?"

"खांब बघ गं... एक सोडून एक खांब. मध्ये साखळी."

"कोळ्याचं जाळं आहे ते, क्रोशाची झालर नव्हे."

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुला विणता येत नाही ना, म्हणून तुला दिसत नाही."

इतकी वर्षं यांच्या भाकऱ्या थापल्या, यांची आजारपणं काढली, आणि हे ऐकायचं!

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर पदर तोंडाला बांधला आणि पंप पाठीवर घेऊन सगळी बाग धुऊन काढली. जाळं तर चिंब भिजवलं. कोळीण जागची हलली नाही. थेंब पायांवरून निथळत राहिले, आणि औषधाच्या उग्र वासात कुठूनतरी जाईचा वास आला. जाईला तेव्हा एक कळी नव्हती.

आठवडा गेला. कोळीण होती तशीच, उलट अंगानं भरली. आणि गुलाब? पानं पिवळी पडून मरायला टेकलेले गुलाब तरारले. कळ्यांनी लवले.

शेजारची उज्वला कुंपणावरून ओरडली, "काकू, काय फुललेत हो! आई म्हणायची ते खरंय, मोहिनीकाकूंचा हात आहे बागेवर."

"हात माझा होता! पंपाचा दांडा मी मारत होते!"

"चिडता काय हो? नवमीला येते ना मी जेवायला?"

मी घरात येऊन चष्मा लावला आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. लाल कोळी. पानांमागे बसून रस शोषणारी ती बारकी कीड. द्राक्षवाले तिलाच कोळी म्हणतात, औषध तिचं. जाळं विणणाऱ्या कोळ्याचं त्यात नावही नव्हतं. कोळी मारायला गेले आणि माझ्या हातानं सवतीची बाग फुलवून बसले.

खराटा उचलला आणि मागे गेले. जाळ्यावर मारणार तोच यांनी मध्ये हात घातला.

"तिला नको..."

कोळीण त्यांच्या हातावर उतरली. सावकाश. चावली, आणि परत जागेवर जाऊन बसली. असला कोळी फारसा विषारी नसतो, हे मी वाचलेलं आहे. तरी यांचं बोट वांग्यासारखं काळंनिळं सुजलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "आजी, अंगठी कापावी लागेल." माझ्या बापानं लग्नात घातलेली अंगठी. कापली. शेजारच्याच बोटात मोहिनीच्या माहेरची अंगठी होती. ते बोट जराही सुजलं नाही.

घरी आल्यावर उज्वलाला सांगितलं, "यंदा नवमीला येऊ नकोस. यंदा पान वाढायचं नाही. या घरात सवाष्ण एकच, ती मी."

"काकू... असं मोडू नये हो."

"तू मला शिकवू नकोस."

नवमीच्या दिवशी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला आणि कात्री घेऊन आरशासमोर बसले. मागच्या दारी हे कुणाशीतरी हळू बोलत होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्याशी कधी बोलले नाहीत अशा आवाजात.

"झालं का विणून?... मग मार गाठ."

मी मानेमागे हात नेला आणि काळा दोरा कापला. दोरा सरकन मांडीवर पडला.

टाक पडला नाही.

अजून पडलेला नाही. हा बघा, छातीवर आहे तसाच. दिवा जरा जवळ आणा. कशाला अडकलाय, दिसतंय काही? मलाही दिसत नाही. मानेमागे बोटाला चिकट गाठ तेवढी लागते, आणि ती रोज थोडी आवळतेय. मी कात्री लावून पाहिली, सुरी लावून पाहिली. हे खुर्चीतून बघतात आणि हसतात. उसवायचं तर ती वीण सुरू कुठून होते ते सापडायला हवं. आणि मला विणता येत नाही.