कापलेली लाल दोरी

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मला कोणाचं सर्टिफिकेट नकोय.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा. ती रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी गाडी धूत होतं.

जागा म्हणजे माझ्या दादाच्या घराचं गॅरेज.

त्या गॅरेजमध्ये माझे वडील राहायचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. आई गेल्यावर अप्पा विसरायला लागले. दूध आणायला म्हणून निघायचे आणि भलत्याच्याच दारात जाऊन चहा मागायचे. लोक हसून घरी आणून सोडायचे, पण वहिनीला लाज वाटायची. शेवटी दादाने गाडी बाहेर काढली आणि अप्पांना आत घातलं. एक कॉट, एक पंखा, एक कमोड. मला फोनवर म्हणाला, "स्वतंत्र खोली करून दिलीय त्यांना."

जसा काही राजवाडाच बांधला होता.

मी म्हटलं, माझ्याकडे पाठव. तर म्हणे, मुलगा जिवंत असताना बाप मुलीच्या घरी राहिला तर लोक काय म्हणतील? वर हेही ऐकवलं, की लांब बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

मग एके दिवशी अप्पा गेले. दुपारी, झोपेत, अगदी शांतपणे, असं दादा म्हणाला. वहिनीनेही तेच सांगितलं. शब्दाला शब्द तोच. घरातलं माणूस गेल्याचं दोन माणसं इतकं सारखं सांगत नाहीत. मला ते तिथेच खटकलं. मला बाकी काही नको होतं. माझे वडील कसे गेले, एवढं खरं कळायला हवं होतं.

त्या रविवारी मी अप्पांची कॉट आणि रेडिओ न्यायला गेले होते. कॉट स्वयंपाकघराकडच्या छोट्या दारातून निघत नव्हती. म्हणून गॅरेजचं मोठं दार उघडायचं ठरलं. ते रिमोटवर वर सरकणारं दार.

ते उघडेना.

दादाने रिमोटचे सेल बदलले. मोटर घुरघुरली, दार जरासं थरथरलं, आणि थांबलं. अप्पा गेल्यापासून ते कोणी उघडलंच नव्हतं म्हणे. मग मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक बडबड्या होता. शिडी लावता लावता त्याने स्वतःच्या सासूपासून सगळ्यांची माहिती दिली. मोटर ठीक, रूळ ठीक, वरची स्प्रिंगही धडधाकट. मग त्याला भिंतीवर एक भोक दिसलं. त्यातून दोन वायरी बाहेर आल्या होत्या, टोकांना चिकटपट्टी लावलेली.

"इथलं बटण कुठे गेलं?"

स्वयंपाकघरात नेलं, असं वहिनी म्हणाली. अप्पा सारखे दाबायचे.

मेकॅनिकने मान डोलावली आणि वर बघितलं. आणि त्याची बडबड थांबली.

मोटरजवळ लाल दोरीचा एक तुकडा लोंबत होता. बोटभर लांब. खाली कापलेला.

"ही कोणी कापली, साहेब? लाइट गेले तर आतल्या माणसाने ही ओढायची असते. मग दार हाताने उघडता येतं."

"अप्पा ओढायचे," दादा म्हणाला. "ओढून रस्त्यावर जायचे. काळजीपोटीच कापली."

मी त्या छोट्या दाराकडे बघितलं. त्याची कडी स्वयंपाकघराच्या बाजूला होती.

मी कॉटवरची चादर घडी करायला घेतली. बोलले असते तर सगळंच बोलले असते.

मेकॅनिकने पक्कडीने तो तुकडा ओढून मोटर सुटी केली. म्हणाला, आता एका हाताने उचललं जाईल, सगळं वजन स्प्रिंग घेते. त्याने उचललं. दार हललं नाही. दादाने हात लावला. दोघांनी जोर केला. दादाच्या कपाळावरची शीर टरारून आली.

दार जागचं हलेना.

"ताई, जरा बाहेरून बघता का? कोणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतंय."

मी पुढच्या दाराने बाहेर गेले. गॅरेजसमोर कोणीही नव्हतं. गाडी धुणाराही आत गेला होता. सगळीकडे एकदम शांत झालं होतं.

आणि मग...

ठक.

दाराच्या अगदी खालून, जमिनीजवळून आवाज आला.

ठक... ठक...

मी ओरडून विचारलं, आतून कोण वाजवतंय? मेकॅनिकचा आवाज वरून आला, तो शिडीवर होता. दादाचा आवाज लांबून आला, तो छोट्या दाराशी जाऊन उभा होता. दोघंही म्हणाले, आम्ही हात लावलेला नाही.

मी खाली बसले. तेव्हा मला ते दिसलं. दाराच्या सगळ्यात खालच्या पत्र्यावर बारीक बारीक उंचवटे आले होते. आतून बाहेर आलेले. पुष्कळ होते. उभा माणूस इतक्या खाली वाजवत नाही. जमिनीवर पडलेला माणूस वाजवतो.

खालच्या रबरी पट्टीचा एक तुकडा कुरतडल्यासारखा निघाला होता. तिथे बोटं घालायला जागा केली होती कोणीतरी.

झोपेत गेले म्हणे.

मला रडू आलं नाही. मला दादाचा राग आला. मी पट्टीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अप्पा, मी आलेय. दार सोडा."

आणि...

दार वर गेलं. कोणीही न उचलता. सावकाश, आवाज न करता, थेट वरपर्यंत.

आत मेकॅनिक शिडीला धरून उभा होता. दादा भिंतीला टेकला होता. मधली जागा रिकामी होती.

कॉट काढली, रेडिओ काढला. मेकॅनिकने मोटर पुन्हा जोडली, पण आता दार बंद होईना. अर्धवट यायचं आणि परत वर जायचं. दाराच्या दोन्ही बाजूंना खाली दोन छोटे डोळे असतात. मध्ये कोणी आलं की दार खाली येत नाही आणि बारीक दिवा लुकलुकतो. तो लुकलुकत होता. मेकॅनिकने दाराचे ते डोळे पुसले, पुन्हा सरळ केले. दिवा लुकलुकतच राहिला.

मग एकदम... स्थिर झाला.

"गेलं," मेकॅनिक हळूच म्हणाला.

वहिनीने विचारलं, कुठे गेलं? बाहेर?

"बाहेर की आत, ते या डोळ्याला कळत नाही." त्याने हत्यारं गोळा केली आणि चहाला न थांबता निघून गेला.

मला वाटलं होतं, अप्पा माझ्याबरोबर येतील. घरी आल्यावर मी दार उघडं ठेवून बसले होते. कोणी आलं नाही.

काही दिवसांनी सकाळीच दादाचा फोन आला. वहिनी माहेरी गेली होती. दादा बाथरूममध्ये होता, फोन आत घेऊन जायची त्याची सवय आहे. कडी काढली होती. दार उघडत नव्हतं.

"तू सांग अप्पांना. तुझं ऐकतात ते."

मी विचारलं, "दादा, अप्पा झोपेत गेले ना?"

आणि फोनमधून मला ऐकू आलं...

ठक. ठक.

दादा लहान मुलासारखा रडायला लागला. म्हणाला, "लाइट गेले होते गं, पंखा बंद, पत्रा तापलेला. आम्ही वरच होतो. ऐकू येत होतं. रोजच वाजवायचे ते. वाटलं, दमतील आणि झोपतील."

मग त्याला फोन दाराजवळ धरायला सांगितला आणि म्हणाले, "अप्पा, सोडा त्याला." दार उघडलं.

तेव्हापासून हे चालूच आहे. कधी बेडरूम, कधी गाडी. दादा फोन करतो, मी सांगते, दार उघडतं. वहिनी माहेराहून परत आलेली नाही. नातेवाइकांत माझं कौतुक चाललंय, की बहीण असावी तर अशी.

काल पुन्हा फोन आला. दादा गाडीत अडकला होता. बाहेर ऊन होतं, काचा उतरत नव्हत्या. मी चहा घेत होते. त्याच्या हाका ऐकू येत होत्या. काचेवर हात मारल्याचाही आवाज येत होता. मी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला.

आणि माझ्या मनात आलं, दमेल आणि झोपेल.

मी दचकले. घाईघाईने फोन तोंडाशी धरला आणि सांगितलं. दार उघडलं. दादा वाचला.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात माझं मीच आणलं की कोणी घातलं, हे मला अजून कळलेलं नाही. आता फोन वाजला की मी हातातला कप तसाच टाकून धावते.