शटर उघडं राहिलं तो दिवस

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपून ज्वारीची रानं सुरू होतात, तिथे सुखदाची स्कूटर घसरली. कुठल्याशा डंपरने वळणावर खडी सांडून ठेवली होती. कोपर चांगलंच सोललं. समोर एक मेडिकल दिसलं म्हणून ती धूळ झटकत आत शिरली.

काउंटरमागे प्रीतम होता. त्याने लगबगीने मलमाची ट्यूब पुढे केली. सुखदाने ती उजेडाकडे धरली.

"हिची मुदत संपलीय."

"असं..." तो ओशाळला, तरी हसलाच. "मलम बिचारं काही बोललं नाही."

"ते बोलत नाही, म्हणून आपण वाचायचं असतं."

"डॉक्टर आहात?"

"फार्मासिस्ट. तुमच्याकडे नाही का कोणी?"

"आहेत की — ते काय, भिंतीवर." भिंतीवर कुणा गृहस्थाचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. गृहस्थ स्वतः कधी फिरकत नसत. गावोगावी हेच चालतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

"तुम्ही याल का?" प्रीतमने विचारलं. "म्हणजे... कोपर बरं झाल्यावर."

निगडीच्या प्राधिकरणात वाढलेली ही मुलगी खरोखरच आली. घरच्यांनी कपाळाला हात लावला. औषधाच्या मोठ्या कंपनीत जायचं सोडून खेड्यातलं दुकान! पण सुखदाला माणसं समोर लागत. आणि खोटं कशाला बोला, त्या ओशाळलेल्या हसण्याचाही त्यात वाटा होता.

ती आली आणि दुकानाला वळण लागलं. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सकाळचा सूर्य, रात्रीचा चंद्र. चित्रं काढायचं काम प्रीतमकडे.

"हा सूर्य आहे की ऑम्लेट?"

"तुम्ही बघत होतात ना — हात थरथरला."

"मग मी बाहेर जाऊन उभी राहते."

"नको... मग सूर्यच निघणार नाही."

असं चालायचं. एकदा अवकाळी पाऊस आला आणि वीज गेली. इन्सुलिन गरम होऊ नये म्हणून दोघांनी अंधारात बर्फाचा डबा भरला. गारठलेली बोटं बोटांना लागली, आणि दोघांपैकी कुणालाच ती काढून घ्यायची घाई नव्हती.

"सुखदा... तुझ्या घरी कधी येऊ? आईबाबांना विचारायला..."

तुम्हीचं तू झालंय, हे तिला तेव्हा कळलं.

एका बाबतीत मात्र ती हटून बसायची. ती दुकानात नसली की शटर खाली, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. याचं कारण होतं पुडी. प्रीतमचे वडील लक्ष्मणराव — सगळ्यांचे आबा — वर्षानुवर्षं पुडी बांधत आले होते. पट्ट्यांमधल्या वेगवेगळ्या रंगांच्या अंगदुखीच्या गोळ्या कात्रीने कापायच्या आणि कागदात गुंडाळून द्यायच्या. नाव नाही, मुदत नाही. शिफ्ट करून आलेला माणूस पुडी खायचा आणि पुन्हा ओव्हरटाइमला उभा राहायचा. सुखदाने ते बंद केलं.

"पोरी, अंग मोडून आलेल्या माणसाला चिठ्ठी मागती व्हय तू?" आबा कुरकुरायचे.

त्यांची बहीण शालनआत्या तर रोज लाडीगोडी लावायची. तिचा गुडघा धरलेला आणि हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू.

"आत्या, त्या गोळ्यांवर दुखण्याची गोळी नाही चालत. पोटात रक्तस्राव होईल."

"पोटाचं मागनं बघू गं. गुडघा आज दुखतुया."

निगडीला जायच्या दिवशी प्रीतम नवा शर्ट घालून आला. सुखदा शटरकडे वळली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे ना. आबा बसतील. साबण-बिस्किटं विकतील फक्त."

तिने त्याच्याकडे पाहिलं. इतका आनंदलेला चेहरा... नाही म्हणवेना. ती हो म्हणाली.

निगडीत आईने बाकरवड्या दिल्या, बाबांनी पगारपाणी न विचारता जमीन कुठे आहे एवढंच विचारलं, आणि होकार दिला. हसणं चालू असतानाच फोन वाजला. आत्याला रक्ताच्या उलट्या होत होत्या. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय दिलं, नाव सांगा. आबांना फक्त रंग सांगता आले. पिवळी, पांढरी, एक लालसर. दोघं पोचायच्या आत आत्या गेली.

"हार्टच कमजोर होतं तिचं," आबा ज्याला त्याला सांगत राहिले. त्यांना तसंच वाटत होतं.

तेराव्यानंतर प्रीतमने सुखदाला गोठ्यामागे गाठलं. "आबांना काही सांगू नकोस. बहिणीवर जीव होता त्यांचा. कळलं तर खचतील ते."

"आणि उद्या दुसऱ्या कुणाला पुडी बांधली तर?"

"मी लक्ष ठेवीन."

"त्या दिवशी आपण दोघंही लक्ष ठेवणार होतो, प्रीतम."

"सांगितलंस तर... आपलं काही उरणार नाही."

तो धमकी देत नव्हता, खरं तेच बोलत होता. तिलाही ते ठाऊक होतं. ती आत गेली, आबांपाशी बसली आणि सगळं सांगितलं.

"म्हंजी मी मारली व्हय गं तिला?"

"एकटे तुम्ही नाही, आबा. शटर उघडं ठेवायला मी हो म्हटलं होतं."

त्यांनी तोंडावर पंचा घेतला. दुकान त्या दिवसापासून उघडलं नाही. गावाने थोडी हळहळ व्यक्त केली आणि नाक्यावरच्या दुसऱ्या मेडिकलमधून पुड्या न्यायला सुरुवात केली.

सुखदा कायमची निगडीला परत निघाली. तिची बस लांबून येताना दिसत होती तेव्हा प्रीतम थांब्यावर आला. दाढी वाढलेली.

"आबा जेवत नाहीत."

"माहीत आहे."

"तू बरोबर केलंस. त्याचाच राग येतो मला."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. हे इतक्या उघडपणे ती पहिल्यांदाच बोलत होती.

"माझंही आहे. पण तुला बघितलं की आत्या दिसते... आणि माझा तो शर्ट."

बस येऊन थांबली; तिला चढावंच लागलं. खिडकीशी बसून तिने मान फिरवली नाही. बस सुटली, गाव मागे पडलं, तरी त्याने हाक मारावी म्हणून ती कान देऊन बसली होती. त्याने हाक मारली नाही.