गाडी थंड होईपर्यंत

उजव्या तळहातावर एक फोड. फुटलेल्या बांगडीसारखा, अर्धगोल.

पाचवीतल्या मुलीची वही. शनिवारच्या पानांवर अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलेलं.

राजूरच्या घाटात रस्त्याकडेला ओकारी. सलग चार शनिवार.

फरशीवर काढून ठेवलेली बॅटरी.

"मले गाडी थंडी पायजे, साहेब." हेच वाक्य, तीन दिवस, दर वेळी आधीपेक्षा मोठ्या आवाजात.

पिंपळगाव राजाच्या बाहेर, खामगावच्या रस्त्याला, समताचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, एक शटर, त्याची एकच किल्ली, ती तिच्या कमरेला. पंधरा वर्षं ती गाड्या उघडतेय आणि पंधरा वर्षं गिऱ्हाईक आत येऊन विचारतंय, "मिस्त्री कुठं गेला?"

जानेवारीतल्या त्या सोमवारी बँकेतला कारकून लक्ष्मीकांतही तेच विचारत आला. सोबत बायको प्रतिमा आणि मुलगी श्रद्धा. पांढरी गाडी, दोन महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी जुनी घेतलेली. श्रद्धाच्या स्कॉलरशिपच्या क्लाससाठी तिघं दर शनिवारी बुलढाण्याला जायचे. घाट लागला की पोरगी मळमळते, मग झोपते, हलवलं तरी लवकर उठत नाही, असं प्रतिमानं हळूच सांगितलं.

"गाडी लागते तिला," लक्ष्मीकांत म्हणाला. "चढाला दम राहिला नाही, तेवढं बघ."

समतानं बॉनेट उघडलं आणि तिचं डोकं फिरलं. इंजिनातून धूर जिथून बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डच्या जोडावर काळा ओघळ होता. तिथलं गॅस्केट, म्हणजे जोडात दाबून बसवलेली पातळ पट्टी, फुटली की धूर मागच्या सिलेन्सरपर्यंत जात नाही. तो बॉनेटखाली सांडतो आणि पंख्याच्या जाळीतून आत बसलेल्या माणसांच्या नाकात जातो.

"चढाले दम नाई, जोडावर काजळी, पोरीचं डोकं जड. अजून काय पायजे तुमाले? गॅस्केट गेलं."

"मग बदल."

"कुठून गेलं ते पाह्यल्याबिगर बदललं तं महिन्यात पुन्हा फुटन. गाडी ठेवून जा. मले गाडी थंडी पायजे, साहेब."

इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, तिच्यातून येणारा टिकटिक आवाज बंद होतो. रात्रभर निवलेली गाडी सकाळी सुरू केली तरच पहिली दोन मिनिटं ती टिकटिक ऐकू येते. कानाला रबरी नळी लावून फट नेमकी कुठं आहे ते सापडतं.

मंगळवारी सकाळी पान्याला हात लावताना बोटं थंडीनं आखडत होती. मॅनिफोल्डला हात लावला आणि चटका बसला.

शटरचं कुलूप जसंच्या तसं होतं. किलोमीटरचा आकडा तिनं भिंतीवर खडूनं लिहिला होता, तोच होता.

तिनं बॅटरी काढून फरशीवर ठेवली.

बुधवारीही चटका बसला.

नेमका तेव्हाच लक्ष्मीकांत आला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि मान हलवली. "रात्री कोणाला दिली होतीस गाडी?"

"बॅटरी खाली पडून आहे, दिसून नाई राह्यली काय?"

"आत्ता काढली असशील. तुमची हुशारी माहीत आहे आम्हाला."

"तुमची म्हंजे कोणाची, साहेब? बोला ना पूर्ण. काऊन थांबले?"

लक्ष्मीकांतनं भिंतीवरच्या खडूच्या आकड्याकडे पाहिलं. "बायकांची," तो म्हणाला. "शनिवारी मला गाडी पाहिजे. पोरीची सराव परीक्षा आहे."

तो गेल्यावर समतानं रागारागात बोल्ट सोडवले. आख्खा मॅनिफोल्ड उतरवला आणि गाडीपासून दहा पावलांवर, पत्र्यावर नेऊन ठेवला. आता तापून दाखव म्हणावं.

गुरुवारी सगळ्या पान्यांवर दव होतं. पत्र्यावर दव होतं.

मॅनिफोल्डभोवती वीतभर जागा कोरडी होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिस्त्रीण घाबरली म्हणून गावभर झालं असतं. राग होता म्हणून हात चालले. मॅनिफोल्डला चिकटून आलेलं जुनं गॅस्केट दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टच्या मधे जळून उडालेलं. एकदा दाबलेलं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही, तरी बसवणारे महाभाग असतात; म्हणून तिनं ते मोडून दोन तुकडे केले आणि कापडात गुंडाळून फळीवर टाकले. मॅनिफोल्ड घासून सपाट केला. शुक्रवारी नवं गॅस्केट घालून मधल्या बोल्टपासून बाहेर, थोडं थोडं करत आवळलं.

शनिवारी सकाळी गाडी थंड होती. विहिरीतल्या दगडासारखी.

तिनं गाडी सुरू केली, नळी कानाला लावली. दोन मिनिटं, पाच मिनिटं. टिकटिक नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

तिघं आले. श्रद्धा दप्तर घेऊन मागे बसली.

"नवीनच टाकलंस कशावरून?" लक्ष्मीकांतनं विचारलं.

बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही गॅरेजची रीतच आहे. समतानं फळीवरचं कापडाचं गाठोडं उचललं आणि मागच्या काचेतून श्रद्धाशेजारी सीटवर फेकलं.

"हे घ्या जुनं. फ्रेम करून लावा घरात."

गाडी गेली. आवाज स्वच्छ होता.

हात धुताना तळवा चुरचुरला. तिनं पालथा हात उलटा केला. फोड आला होता.

इंजिनापासून तीन दिवस लांब पडलेलं गॅस्केट. चार घड्यांचं कापड.

तिनं प्रतिमाला फोन लावला. लागेना. मोताळ्याच्या पुढे रेंज जाते. अकराव्यांदा लागला.

"समताताई? घाट लागला आत्ताच."

"श्रद्धा काय करून राह्यली?"

"झोपली." प्रतिमाचा आवाज खुशीत होता. "आज ओकारी नाही, काही नाही. थंडी वाजत होती तिला. मग म्हणाली, मागे छान ऊब आहे, आणि झोपलीच."

"उठवा तिले. गाडी थांबवा. वहिनी, आत्ताच्या आत्ता—"

"ठेव तो फोन," लक्ष्मीकांत म्हणाला.

फोन बंद झाला.

गाडी पहिल्यांदा आली त्या सोमवारी समतानं समोरच्या टपरीवर पाच चहा सांगितले होते: तिघांना तीन, एक स्वतःला, आणि एक मागच्या सीटवरून खाली न उतरलेल्या म्हातारबुवांना, काचेतून. गाडी ठेवून चालत निघाले ते तिघंच. पाचही कप रिकामे परत गेले.