धुळीतली हाक

वाळवंटाकाठच्या गाओ शहराच्या छावणीतून गस्तीला निघताना जर्मन तुकडीप्रमुख हेनिंग टीडेमानने रोजच्यासारखा थर्मासभर कडक चहा घेतला आणि त्याचा ड्रायव्हर रोनी रोजच्यासारखा चिडवायला लागला.

"साहेब, बॉनेटवर अंडं शिजेल असल्या उन्हात तुम्ही चहा ढोसताय!"

"तुम्हा सॅक्सनीवाल्यांना काय कळणार आम्हा किनाऱ्यावरच्यांच्या चहातलं? गाडी चालव."

मागे बसलेला दुभाषा अलहुसेनी हसला. तो गाओचाच, नदीकाठच्या सोंगाय जमातीतला. त्यांच्या पाठोपाठ डच सैनिकांची गाडी येत होती. तिचा म्होरक्या युरियन हेनिंगचा जुना दोस्त.

नदी मागे पडली आणि भर दुपारी समोर तांबडी भिंत उठली. वादळ अंगावर आलं. काचेपलीकडे आधी सगळं लाल झालं, मग तपकिरी, मग काहीच दिसेना. दोन्ही गाड्या जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी दार उघडायचं नाही, असा सक्त हुकूम होता. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका तुकडीतले दोघे वाटेवर कुणी मदत मागतंय म्हणून उतरले होते. ते परत आले नाहीत.

रेडिओ खरखरला. युरियन होता.

"हेनिंग, तुझा माणूस बाहेर काय करतोय? आत घे त्याला."

"माझी माणसं आतच आहेत."

"तुझ्या दाराशी उभा आहे. उष्णतेच्या कॅमेऱ्यात दिसतोय मला." रेडिओ पुन्हा खरखरला. "तापलेलं सगळं पांढरं दिसतंय रे. हा एकटाच काळा आहे. बर्फासारखा गार."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हलकी, संकोचल्यासारखी.

मग आवाज आला. त्या जाड पोलादातून वाऱ्याचा घोंगाटही धड ऐकू येत नव्हता, पण हा आवाज हेनिंगच्या अगदी कानाशी होता. उत्तर समुद्राकाठच्या त्याच्या खेड्यात मासेमार बोलतात तसल्या बोलीत कुणीतरी म्हणालं, "दार उघड रे. तहान लागलीय."

"नदीकाठचा आहे," अलहुसेनी पुटपुटला. "आमची सोंगाय बोलतोय."

रोनीने मान वळवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सोंगाय? अहो, हा तर आमच्या गल्लीतल्यासारखं बोलतोय."

टकटक चालूच राहिली.

"साहेब, उघडू नका," रोनी म्हणाला. "माझी मुलगी अजून रांगतेय हो."

अलहुसेनी हळूच म्हणाला, "हेनिंग, आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला तू कोण, असं विचारत नाहीत."

हेनिंगने रोनीकडे पाहिलं. हुकूम त्याला पाठ होता. पण बाहेरचा आवाज आता बसत चालला होता, रडून थकलेल्या माणसासारखा. तो तसाच विझताना ऐकत बसणं हेनिंगला जमेना. त्याने पाण्याची बाटली उचलली, दाराचा खटका ओढला आणि फटीतून हात बाहेर काढला.

धूळ आत घुसली. रोनी खोकायला लागला.

बाहेर बोटं बोटांना लागली. गार होती. बाटली सावकाश, जपून काढून घेतली गेली.

"आत ये," हेनिंग आपल्या गावच्या बोलीत म्हणाला.

कुणी आलं नाही.

त्याने दार ओढून घेतलं. टकटक थांबली होती.

वादळ ओसरल्यावर ते खाली उतरले. माणूस नव्हता, बाटली नव्हती, वाळूत पावलंही नव्हती. युरियन आपल्या गाडीतून उतरून आला, पण हेनिंगच्या नजरेला नजर देईना.

"तू बाटली दिलीस तसा तो खाली बसला. प्यायला."

"मग?"

"मग कॅमेऱ्याचा पडदा काळा व्हायला लागला. कडेकडेने. शेवटी पांढरं काही उरलंच नाही."

"कॅमेरा बिघडला असेल."

"असेल," युरियन म्हणाला.

ऊन कलताना ते छावणीत पोचले. हेनिंग वाळूच्या पोत्यांच्या भिंतीपाशी गेला. तिथे चिटपाखरूही नव्हतं. त्याने घरी बायकोला फोन लावला.

"बरा आहेस ना?" गेशेने विचारलं.

"बरा आहे. धूळ फार होती आज."

गेशेने आवाज चढवला.

"हेनिंग, तू जेवणाच्या रांगेत आहेस का?"

"नाही गं. एकटाच आहे. का?"

"मग ही एवढी माणसं कुठली?" तिचा आवाज खाली आला. "बायका आहेत. लहान मुलं आहेत. अरे, सगळी आपल्याच बोलीत पाणी मागतायत."