हातांची शपथ

त्या दुपारी काल्वेर्नाच्या चौकात ताज्या पावाचा वास सुटला होता आणि संध्याकाळच्या घंटेला माझा धाकटा भाऊ लांदोल्फो फासावर जाणार होता. गुन्हा एवढाच, की गावचा धनी ग्वार्नेरिओ याच्यापुढे गुडघे टेकायला त्याने नकार दिला होता. बाकी पुरुषांनी रिवाजाप्रमाणे शपथ घेतली होती: हात जोडायचे, जोडलेले हात धन्याच्या दोन तळव्यांमध्ये द्यायचे आणि जन्मभर त्याचं माणूस व्हायचं. आम्ही पाद्री तेवढे सुटलो होतो. बायकांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी बोलोन्यात चर्चचा कायदा शिकलेला. भुताखेतांच्या गप्पा ऐकल्या की मला तेव्हा हसू यायचं.

लांदोल्फोला चौकातल्याच धन्याच्या बुरुजात कोंडलं होतं. त्याच्या दाराशी पहारेकऱ्यांचा नाईक ओद्दोने किल्ली घेऊन बसला होता. लांदोल्फोचा लहानपणापासूनचा दोस्त.

"उघड," मी म्हणालो.

"उघडलं असतं हो, पाद्रीबाबा. पण हात दिलाय त्याला. शपथ मोडून नरकात जायचं, तर तुम्ही याल का सोबतीला?"

"गावाच्या मुळावर उठला, तो धनी राहत नाही. बंडखोर तो झाला, आपण नाही."

"ते तुमच्या पोथीत. आधी माझे हात सोडवा, मग बोला."

त्यासाठीच मी आलो होतो. बिशपचा हुकूम माझ्या झग्यात होता: ग्वार्नेरिओ चर्चमधून बहिष्कृत, त्याला दिलेली प्रत्येक शपथ रद्द. मी तो चौकात मोठ्याने वाचला. बहिष्काराच्या विधीप्रमाणे आम्ही पाद्र्यांनी पेटत्या मेणबत्त्या जमिनीवर आपटल्या आणि पायाखाली विझवल्या. लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडले.

"आजची दारू लांदोल्फोकडून," ओद्दोने हसत उठला आणि त्याने किल्ली कुलपाकडे नेली.

त्याचे हात एकमेकांकडे वळले. किल्ली मध्ये धरून तळवे घट्ट जुळले आणि तो गुडघ्यांवर आला.

"चेष्टा पुरे झाली, ओद्दोने."

"मी नाही करत, बाबा."

मागे वळून पाहिलं, तर पाद्री सोडून चौकातला एकूण एक पुरुष गुडघ्यांवर होता. सगळ्यांचे हात जोडलेले, जरा पुढे झालेले. मी ओद्दोनेची बोटं उकलायला गेलो. त्याच्या हातांच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे मला उबदार कातडी लागली.

मी हात मागे ओढला. आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो इतका भ्यालो.

"दाबतोय तो," ओद्दोने रडत म्हणाला.

लांदोल्फोची बायको जिस्ला कुऱ्हाड घेऊन आली. "भाऊजी, वाचन झालं असेल तर बाजूला व्हा." मग आणखी बायका आल्या. दाराच्या फळ्या फुटत असतानाच संध्याकाळची घंटा सुरू झाली. घंटा वाजवणारा माझ्यासमोर गुडघ्यांवर होता.

जिस्ला खाली तळघरातल्या कोठडीकडे धावली. मी धन्याला जाब विचारायला वर त्याच्या दालनात गेलो.

ग्वार्नेरिओ खुर्चीच्या पायाशी पडला होता. अंग सुकून गेलेलं. मरून कित्येक दिवस झाले असावेत. फाशीचा हुकूम मात्र त्याच सकाळी वरच्या खिडकीतून त्याच्या आवाजात साऱ्या गावाने ऐकला होता. त्याचे हात जोडलेले होते, खुर्चीच्या दिशेने.

खुर्चीत लांदोल्फो बसला होता. पायांत अजून बेडी होती.

"चल," मी म्हणालो. "देवासाठी चल, लांदोल्फो. दार फुटलंय."

तो हलला नाही. दोन्ही तळवे त्याने पुढे धरले होते, मध्ये जरा जागा सोडून.

"कुणीतरी गाव सांभाळायला हवं ना, दादा?"

खालून जिस्ला हाका मारत होती. कोठडी रिकामी होती. वर येऊ नकोस, असं मला तिला ओरडून सांगायचं होतं.

गुडघ्यांना फरशी लागली.

लांदोल्फोने माझे हात आपल्या तळव्यांत घेतले, आणि ते गार लागले म्हणून मायेने चोळू लागला.