सात ओळी तरी

आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला तो १९८७ च्या मार्चात. भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या तलावांचं पाणी मोजायचं, एवढंच आमचं काम. मशीनच्या खोलीत चपला काढून जायचं. आत एक पेटी, दोन पडदे, हिरवी अक्षरं आणि एसी. त्या एसीच्या निमित्तानं साहेबही दुपारी चक्कर टाकायचे.

मी नागपूरला दीड वर्षाचा कोर्स केलेला. केवळराम आंधळगावच्या कोशाचं रेशीम विणणाऱ्यांच्या घरातला, जेमतेम बारावी झालेला, माझ्या हाताखाली आलेला. तीन महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. खोटं कशाला बोलू, मला ते पाहवत नव्हतं.

प्रोग्रॅम ज्यात लिहायचा तो त्या वेळचा एडिटर आख्खी फाइल दाखवत नसे. एक ओळ मागा, एक मिळेल. चुकलं की नुसतं प्रश्नचिन्ह. काम बरोबर झालं तर मशीन काहीच बोलायचं नाही. गप्प राहिलं म्हणजे झालं. मी कागदावर छापून घेऊन, पेन्सिलीनं खुणा करत लिहायचो. केवळराम चारशे वीस ओळी डोक्यात ठेवायचा.

"मागावर बी वीतभरच कापड दिसते जी," तो म्हणायचा. "बाकीचं गुंडाळून जाते. ध्यानातच ठेवा लागते."

एकदा मी टाइप करत होतो, त्याची पाठ माझ्याकडे होती. "मधुकरभाऊ, एक कंस जास्त झाला," तो म्हणाला. बटणांच्या आवाजावरून! आणि खरंच झाला होता. माझी ती जुनी खोड. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याची एक सवय होती. संध्याकाळी उठताना उद्याच्या कामाच्या पहिल्या सात ओळी तो आजच लिहून ठेवायचा. "माग रिकामा नाई सोडत आमी. उभ्या धाग्यांचा थोडा ताणा ठेवाचा, मंग त्याले नवा सांधता येते."

पुण्याच्या ट्रेनिंगला एकालाच पाठवणार होते. परत येईल तो या खोलीचा इन्चार्ज. सोमवारी साहेब तलावांच्या यादीचा प्रोग्रॅम पाहणार होते, आणि तो चारशे वीस ओळींचा प्रोग्रॅम केवळरामचा होता.

शनिवारी दुपारी तो व्हरांड्यात डबा खायला बसला. मी त्याच्या जागेवर बसलो. फाइल पुसायला दोन अक्षरं आणि तिचं नाव पुरतं. फ्लॉपीवरची प्रतही पुसली. मशीन काहीच बोललं नाही.

सोमवारी केवळरामनं फाइल मागितली. प्रश्नचिन्ह. पुन्हा मागितली. पुन्हा प्रश्नचिन्ह. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"सात ओळी तरी ठेवाच्या होत्या जी," तो म्हणाला. "आता कुठी सांधू?"

तो घरी गेला, परत आला नाही. साहेबांनी प्रोग्रॅम माझ्याकडे दिला. दोन महिन्यांत यादी द्या, पुण्याचं मग बघू, म्हणाले.

मी लिहायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओळींखाली सात ओळी जास्त होत्या. त्याच्याच. जळफळत इतक्यांदा वाचल्या होत्या की ओळखायला वेळ लागला नाही. खोलीची किल्ली माझ्याचकडे असायची. मी त्या पुसल्या. पुढच्या सकाळी चौदा होत्या.

मग पुसणं सोडलं. त्या ओळी चालत होत्या, माझ्या अडत होत्या. लाज वाटत होती, तरी रोज मी माझ्याच थोड्या पुसत गेलो.

चारशे तेरा झाल्या त्या दुपारी राहवेना. बस धरून आंधळगावला गेलो. केवळरामचे वडील, पुंडलिकराव, दारातच भेटले.

"दोन महिने झाले जी, असाच विणून राहिला," ते म्हणाले. "दिवसाचे सात फेरे, मंग उठते. काहून म्हणून इचारलं तं हासते."

मागावर ताणा नव्हता. एक धागासुद्धा नाही. तरी केवळरामचे पाय मागाखालच्या पावड्यांवर चालत होते.

"बसा मधुकरभाऊ," तो म्हणाला. "एकच रायली."

त्यानं धोटा टाकला. रिकाम्या जागेतून धोटा पलीकडे गेला.

"झाली."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी फाइल पाहिली. चारशे वीस ओळी. शेवटचा बदल काल, चार दहाला, माझ्या नावानं. प्रोग्रॅम चालवला. यादी बिनचूक निघाली. साहेबांनी पाठ थोपटली, "हात बसला तुमचा." पुणं मला मिळालं. त्या प्रोग्रॅमात माझी एकही ओळ नव्हती.

नवं काम मात्र माझं असणार होतं. त्याची सुरुवात मी सकाळी सायकलवर मनात जुळवली होती. कोणाला सांगितली नव्हती.

नवी फाइल उघडली. ती रिकामी असते. तरी ओळी किती, ते विचारलं.

सात.

एकेक करून मागवल्या. मी लिहिणार होतो, त्याच होत्या.

सातवीत एक कंस जास्त होता.